बर्फाच्या टेम्पोतला धवळा

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥

दिवाळे, बेलापूर
९ नोव्हेंबर २०२४

चि. प्रितेश यास अनेक आशीर्वाद.

काल सकाळी मी तुझ्या आजीला बर्फाच्या टेम्पोत बसवलं. शेजारच्या गोजराचा मासळीचा टेम्पो धुऊन उभा होता. त्याच्या भिंतींत जाड थर्माकोल आहे. दार ओढून घेतलं की विमान, कुत्रं, होडीचं इंजिन, काहीच आत येत नाही. अशी शांत जागा आपल्या गावात दुसरी नाही. आत प्लास्टिकच्या स्टुलावर आई बसली, तिच्यासमोर माईक धरून मी. ती म्हणाली, "चांगदेवा, माझी पापलेटं करतोस का काय?" मग तिने पदर डोक्यावर घेतला आणि मनस्वीच्या हळदीचा धवळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायला.

तू फोन उचलत नाहीस आणि 'लिहा' म्हणतोस, म्हणून लिहितो. सोमवारी तिचं ऑपरेशन आहे. घशातली गाठ काढताना स्वरयंत्रही काढावं लागणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. मनस्वीची हळद फेब्रुवारीत आहे.

चाळीस वर्षं या गावातल्या हळदींना तिनेच धवळा गायला. नवरीशेजारी बसून, देवापासून सुरुवात करून, घरातल्या एकेका माणसाचं नाव घेत. आता मांडवात डीजे असतो आणि धवलारणीला कोणी बोलवत नाही. आपल्या मुलीच्या हळदीला तरी बोलावणार होतो, तर हे असं झालं. मी म्हटलं, "आई, तुझा आवाज भरून ठेवतो, डीजेवाल्या सदूला सांगून वाजवून घेऊ." त्यावर ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो. "कुनी सांगितला म्हनून वाजवलेला मला नको. त्याला सोताला वाजवावासा वाटला पायजे. नाचनाऱ्या पोरांनी मागून घेतला पायजे."

तू तिथे पार्ट्यांत गाणी वाजवतोस, म्हणून तुझी शिकवणी हवी. तू ठेवून गेलेल्या कॉम्प्युटरवर मी आमच्या मंडळाची भजनं साफ करतो, तेवढंच मला येतं. डीजेला वाजवावंसं वाटेल असं गाणं कसं करतात, ते मला पहिल्यापासून सांग. आवाज सोबत पाठवला आहे. त्यात तुझ्यासाठी एक गोष्ट आहे. ती मी सांगणार नाही. तूच ऐक आणि कळव.

तुझा मामा,
चांगदेव


मस्कत
१७ नोव्हेंबर

मामा,

टेम्पोत स्टुडिओ! एक नंबर. इथल्या लोकांना सांगितलं तर वेड्यात काढतील.

आजीचं ऑपरेशन झालं असेल. कशी आहे? तुमी लिहिलेलं मी चार वेळा वाचलं. स्वरयंत्र काढनार म्हनजे कायमचं का? शिव्या पन नाही देता येनार तिला? मला ते डोक्यात बसतच नाही. माझी आई, भागीरथी, गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आईचा आवाज मला आठवत नाही, मला आठवतो तो आजीचाच. "प्रितेश, गिळायला ये" हा.

फोन नका करू. रूममध्ये सहा जन झोपतात, कोन ना कोन नेहमी झोपलेला असतो. लिहाच.

आता शिकवनी. एक, धवळ्याला ठेका नसतो, आजी तिच्या दमाने गाते. डीजेचं तसं नाही, त्याचा ठेका घड्याळासारखा. आजीचा सगळा आवाज खेचून ठेक्यात बसवायला जाऊ नका, आजी रोबोट होईल. प्रत्येक ओळीचं फक्त पहिलं अक्षर ठेक्यावर ठेवा, पुढे तिला मोकळी सोडा. तिथून पुढे ती कुठे जाते ते तिचं तिला कळतं.

दोन, तिचे श्वास कापू नका. तुमी भजनात कापता, मला माहीत हाय.

तीन, मधे एकदा सगळं बंद करा. एकदम. पोरं हात वर करून थांबतात, मग ठेका परत आला की उसळतात. त्या थांबन्यासाठीच तर नाचतात.

आनि ढोल कॉम्प्युटरचा नको, मेलेला वाटतो. देवळातला मृदंग घ्या ना, मामा. दहावीत होतो तेव्हापासून मागतोय. का अजून तेच, "देवाचा मृदंग डीजेत नाही जाणार"? देवाला पन हळद लागते ना हो?

आजीचा आवाज ऐकला. मस्त हाय. थोडा लांबून आल्यासारखा वाटला. माईक जवळ घ्यायचा होता.

प्रितेश


दिवाळे
५ डिसेंबर

चि. प्रितेश,

ऑपरेशन नीट झालं. आई घरी आली आहे. गळ्याशी एक लहान भोक ठेवलं आहे, त्यातून ती श्वास घेते. त्यावर मनस्वी ओला पातळ रुमाल बांधते. पहिल्या दिवशी आईने सवयीने मला हाक मारायला तोंड उघडलं. ओठ हलले, मान ताणली गेली, आणि नुसता वारा आला. मग तिने इकडे तिकडे पाहिलं, जणू आवाज कुठे पडला ते शोधत होती. त्यानंतर तिने पुन्हा प्रयत्न केला नाही. काही हवं असलं की तळव्याने खाटेची फळी वाजवते. देवाने जेवढं ठेवलं त्याबद्दल मी रोज हात जोडतो. हात जोडताना डोळे भरतात, हे मात्र तुला लिहायला हरकत नाही.

गाणं केलं. तू सांगितलंस तसं केलं, श्वासही ठेवले. एक गोष्ट माझ्या मनाने केली आणि ती चुकली. सुरुवातीला आणि शेवटी नुसताच ठेका होता, आवाज कुणाचा नाही. मला वाटलं, लोक कंटाळतील. आई येईपर्यंत मिनिटभर कोण थांबणार? दोन्ही टोकं कापली आणि आईच्या पहिल्या शब्दापासून गाणं सुरू केलं. करावे गावच्या सदूकडे घेऊन गेलो. आईची अट होती म्हणून कोणाचं आहे ते सांगितलं नाही.

त्याने ऐकलं, हेडफोन गळ्यात टाकला आणि म्हणाला, "काका, आवाजात लय दम हाय. कोन हाय ही म्हातारी? पन मी घुसू कुठून?"

मी म्हटलं, "घुसू म्हणजे?"

"माझा आधीचा गाना चालू हाय, पब्लिक नाचतंय. त्याच्या खालून तुमचा ठेका हलूच चढवायचा, दोन्ही एक झाले का आधीचा उतरवायचा. तुमच्यात तर म्हातारी डायरेक दार लोटून घरात. मी कसा वाजवू? नाचनारे पडतील ना तोंडावर."

परत येताना मला माझीच लाज वाटली. भजनात अभंगाआधी मृदंग एकटा वाजतो, लोक बसतात, टाळ हातात घेतात, मन जागेवर येतं, मग बुवा तोंड उघडतात. हे मी आयुष्यभर वाजवत आलो आणि इथे रिकामं समजून कापून टाकलं. ती रिकामी जागा येणाऱ्यासाठी झाडून ठेवलेली असते. आता दोन्ही टोकं परत जोडली आहेत.

मृदंगाचं मागू नकोस. तो माझा नाही. तो देवळाचा आहे, मी नुसता वाजवणारा.

गाणं सोबत आहे. आणि ती गोष्ट सापडली का? तू काहीच लिहिलं नाहीस.

मामा


मस्कत
१४ डिसेंबर

मामा,

फळी वाजवते वाचून मी जेवलो नाही. आजीला सांगा, मी विचारलं.

सदू बरोबर बोलला. त्याला गुरू करा.

आता गाना. ठेका एकदम बरोबर, खालचा धक्का छातीवर येतो. पन आजी कुठाय? ती गोधडी तोंडावर घेऊन गातेय. शब्दच कळत नाहीत. आवाज वर आना. नुसता मोठा नको, धार पायजे. वरची, बारीक आवाजाची बाजू वाढवा, ती चकचकीत असते ना, ती. लाजू नका, भरपूर वाढवा. तुमी भजनवाले सगळं गोड गोड ठेवता. पार्टीत धार नसली तर आवाज मरतो.

गोष्ट म्हनजे काय, तिचा तो शेवटचा आलाप ना? भारी हाय.

यायचं म्हनाल तर रजा कठीन हाय. सीझन हाय इथे. रोज रात्री शो. मनस्वीला सांगा, दादा व्हिडिओवर बघेल.

प्रितेश


दिवाळे
२ जानेवारी २०२५

चि. प्रितेश,

तुझं पत्र आल्यावर धार वाढवली. मला ती बोचत होती, पण वाटलं, तू रोज हे काम करतोस, तुला कळतं. तुला पुन्हा पाठवलं, तू एका ओळीत लिहिलंस, 'अजून वाढवा.' अजून वाढवली.

रविवारी सदूने करावे गावात सामान लावलं होतं. दुपारी, तपासायला. मी गाणं दिलं. ठेका सुरू झाला तेव्हा तो मान हलवत होता. आईचा आवाज आला आणि खुर्च्या मांडणाऱ्या बाईने दोन्ही कानांवर हात ठेवले. सदूने झटक्यात आवाज बंद केला. "काका, म्हातारीच्या हातात सुरी कोनी दिली? पहिला चांगला होता तो. हा कानात टोचतोय." मी म्हटलं, माझ्या भाच्याने सांगितलं. तो हसला. "प्रितेश? तो तर आमच्यात सगळ्यात बारीक कानाचा. लग्नात मागे कोनाच्या हातातली बांगडी वाजली तरी सांगायचा. मस्करी केली असेल तुमची."

मी घरी आलो. मस्करी करण्यासारखी ही गोष्ट नाही आणि तू तसा मुलगा नाहीस.

आमच्या पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात हौसेराव म्हणून एक जण आहेत. मी स्टोअरला, ते पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर. सारी उमर त्या धडधडीत गेली. त्यांना प्रेसचा ठोका अजून नीट ऐकू येतो, जमिनीतून ट्रक आलेला कळतो. पण कुकरची शिट्टी, दारावरची बेल, नातीचं बोलणं ऐकू येत नाही. ते नेहमी म्हणतात, "हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात." त्यांच्या घरी टीव्ही लागला की आवाज असा चिरका असतो की बाकीचे बाहेर जाऊन बसतात. सदूच्या त्या रिकाम्या मांडवात मला एकदम त्यांचं घर आठवलं.

मग मी तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. 'फोन नका करू, लिहाच.' 'लांबून आल्यासारखा.' 'गोधडी तोंडावर.'

प्रितेश, ती गोष्ट शेवटचा आलाप नव्हे. धवळ्याच्या मधोमध आई नवरीच्या भावांची नावं घेते, तिथे तिने तुझं नाव घेतलं आहे. दर्यापार गेलेला प्रितेश भाऊ, त्याच्या हातची हळद मागे ठेवा, असं ती गाते. ठेका तिथे मी जाणून थांबवला आहे. आधी नाही, नंतर नाही, नुसतं तुझं नाव. आवाज एकदा आणि गाणं दोनदा पाठवलं, तीनही वेळा तू त्याबद्दल काही लिहिलं नाहीस. माझा भाचा आजीने घेतलेलं आपलं नाव ऐकेल आणि गप्प बसेल, हे होणार नाही.

तुला ऐकू येतं का रे बाळा? मी रागावणार नाही. खरं ते लिही.

मामा


मस्कत
२० जानेवारी

मामा,

तुमी देवळात बसता ते बरोबर हाय. पोलिसात असता तर लोकांची वाट लागली असती.

नाही येत. सगळं नाही गेलं, वरचं गेलं. ढोल, दरवाजा आपटलेला, गाडी, हे येतं. बायकांचं बोलनं, पोरांचं, फोनवरचं, नाही येत. कानात दिवसरात्र एक शिट्टी चालू असते, तीच खरी ऐकू येते. पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून स्पीकरला टेकून उभा राहिलो. कानात बोळे घालनाऱ्यांना आमी हसायचो.

मला कळलं कसं, ते सांगतो. तिकडे पावसाळा होता तेव्हा इथे एका साहेबाच्या मुलीची पार्टी होती. माईकची शिट्टी सुरू झाली. सगळा हॉल कानावर हात ठेवून खाली वाकला. मी कन्सोलवर उभा राहून हसतोय, मला वाटलं माझ्या गान्यावर ही कायतरी नवी स्टेप हाय. मॅनेजर धावत आला तेव्हा समजलं. त्या दिवसापासून मी वायरी गुंडाळतो, बॉक्स उचलतो. शो बिव काही नाही. रूममध्ये पन आमी दोघंच राहतो.

डॉक्टर बोलले, हे परत येत नाही. मशीन लावा, थोडं कळेल.

तुमचा गाना मी हेडफोनवर ऐकला, मग भिंतीला कान लावून, मग स्पीकरवर हात ठेवून. आजी कुठेतरी भिंतीपलीकडे हाय एवढं कळतं. मी तुमाला धार वाढवा बोललो कारन मला वाटत होतं मिक्स खराब हाय. खरंच वाटत होतं, मामा. नाव घेतलं हे तुमचं पत्र वाचून कळलं. त्याच्यानंतर तीच जागा परत परत लावली. ठेका थांबतो, मग काहीच नाही. मग ठेका परत येतो. मला तिथे काहीच नाही.

तुमी बोलाल, घरी ये. येऊन काय करू? आजीला बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही. समोरासमोर बसून एकमेकांची तोंडं बघायची?

तिला नका सांगू. ती माझ्यासाठी गायली, तिला वाटू दे पोचलं म्हनून.

धार काढून टाका. सदूचं ऐका.

प्रितेश


दिवाळे
१८ फेब्रुवारी

चि. प्रितेश,

तुझं पत्र आलं त्यानंतर बरेच दिवस मी उत्तर लिहिलं नाही. लिहिण्याआधी एक काम करायचं होतं आणि ते करायला मी भीत होतो.

धार काढली. आईचा आवाज टेम्पोत होता तसा ठेवला. सदूला ते आवडलं. पण तुझं वाक्य माझ्या मनातून जाईना. 'मला तिथे काहीच नाही.' ती जागा मीच रिकामी केली होती, तुझं नाव नीट ऐकू यावं म्हणून.

एका सकाळी कामावर जाण्याआधी देवळात गेलो. पुजारी आला नव्हता. देवाला कौल लावावा असं मनात आलं, पण लावला नाही. 'नको' असा कौल आला असता तर मी तो मानला नसता, आणि ते जास्त वाईट झालं असतं. नुसता पायरीवर बसून म्हणालो, वीस वर्षं तुझ्यासमोर वाजवला, आज आपल्या पोराला हाक मारायला नेतो. मृदंग खांद्याला लावला आणि गोजराच्या टेम्पोत जाऊन बसलो. मृदंगाच्या डाव्या बाजूला लावतात ती भिजवलेली कणीक जास्त लावली. ती बाजू खोल बोलते, तुझ्यापर्यंत पोचेल अशी. सुरुवातीचं मिनिट, डीजेला आत यायला लागतं ते, सगळं मृदंगाचं आहे. मग आई येते. तिच्या प्रत्येक ओळीखाली मी तिच्याच शब्दांच्या वजनाने डावा हात ठेवला आहे. शब्द नाही कळले तरी ती कशी चालते ते कळेल. आणि जिथे सगळं थांबतं, तिथे तुझ्या नावाखाली तीन ठोके आहेत. बाकी काही नाही.

हळद बुधवारी झाली. सदूला मी काही सांगितलं नव्हतं. त्याने आपणहून दोन गाण्यांच्या मधे ते चढवलं, कधी सुरू झालं ते मलाही कळलं नाही. आई नवरीशेजारी, तिच्या नेहमीच्या जागेवर बसली होती. आपला आवाज ऐकून तिने मान वर केली आणि हाताने गळ्यावरचा रुमाल धरला. नावापाशी ठेका थांबला, पोरं हात वर करून थांबली. तीन ठोके पडले आणि मांडव उसळला. गाणं संपलं तेव्हा पोरं ओरडायला लागली, "सदू, म्हातारीचा परत, म्हातारीचा परत." ते आईने ऐकलं. बायका हळद घेऊन आल्या तेव्हा तिने वाटी हातात धरून ठेवली, तुझी हळद मागे ठेवायची म्हणून. ती वाटी देवघरात झाकून ठेवली आहे.

तू सांगू नका म्हणालास, ते मी पाळलं नाही. ती विचारत राहिली, खुणेने, की तू नाव ऐकून काय म्हणालास. मला खोटं लिहिता येतं, तिच्यासमोर बोलता येत नाही. सांगितलं. मग मला तिने ती जागा कॉम्प्युटरवर लावायला सांगितली, पुन्हा पुन्हा. आता ती रोज सकाळी खाटेच्या फळीवर तेच तीन ठोके देते. ते माझ्यासाठी नसतात. दोघांनी समोरासमोर बसून काय करायचं, असं तू विचारलं होतंस. तिने तयारी सुरू केली आहे. तुझी हाक आता तिच्या तळव्यात आहे, आणि ती तुला ऐकू येईल.

गाणं सोबत आहे. हेडफोन लावू नकोस. स्पीकर जमिनीवर ठेव आणि त्याच्यावर हात ठेव. तिकिटाचं मला कळव.

आणखी एक. मंडळात बोलणं झालं. देवाचा मृदंग डीजेत नेणाऱ्याने पुन्हा देवासमोर बसू नये, असं दोघातिघांचं म्हणणं पडलं. बाकीचे खाली बघत होते. मी वाद घातला नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, आणि तुला इतकी वर्षं हेच म्हणत होतो. त्यांनी निर्णय सांगण्याआधीच मी बैठकीला घरून निघताना माझा घेतला होता. काल संध्याकाळी मृदंग घरी नीट पुसला, डाव्या बाजूची कणीक खरवडून काढली, चामड्याची वादी सैल केली, आणि देवळात नेऊन त्यांच्या हातात दिला.

तुझा मामा,
चांगदेव